स्वतःला लेखक म्हणायला कधी लागलात? आणि समोरच्याला पटेल असं लिहायचं कसं?

कोरापान
बरेच दिवस मनात होतं, आज विचारूनच टाकते. मी लिहिते. म्हणजे ऑफिसमधले प्रस्ताव, अहवाल, कोणाचा अर्ज, कोणाच्या निरोप समारंभाचं भाषण, सगळं फिरून माझ्याकडेच येतं, कारण 'तू छान लिहितेस'. पण कोणी 'तू लेखिका आहेस का' असं विचारलं की तोंडातून आपोआप 'छे, मी कुठली' निघतं. कथा-कविता मी लिहीत नाही, नावावर पुस्तक नाही, मग कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरं याला लागूनच. मला मतं आहेत, ठाम आहेत, आणि बोलताना मी समोरच्याला बऱ्यापैकी पटवते. तेच कागदावर उतरलं की निबंध होतो. परवा मैत्रिणीने माझा एक लेख वाचला आणि म्हणाली, "माहिती छान आहे गं, पण तुझं म्हणणं काय आहे?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

तर सांगा, स्वतःला लेखक मानायला तुम्ही कशाने लागलात? आणि पटेल असं लिहिणं शिकता येतं का, की ते उपजतच असावं लागतं?

रातकिडा
लिहितो तो लेखक. विषय संपला. :)

तिरकी_रेघ
रातकिडा, इतकं सोपं असतं तर तिने विचारलंच नसतं. जो पोहतो तो पोहणारा हे खरं, पण काठावर बसून पाय भिजवणाराही पाण्यातच असतो ना? कुठेतरी फरक आहे. माझ्या मते फरक असा की लेखक आपलं लिहिलेलं परत उघडतो. बाकीचे लिहितात, पाठवतात, विसरतात. जो रात्री झोपताना विचार करतो की तिसरं वाक्य आधी यायला हवं होतं, तो लेखक. मग ते वाक्य सोसायटीच्या नोटिशीतलं का असेना.

खडूफळा
शिक्षिका म्हणून सांगते, हा प्रश्न मला रोज वर्गात दिसतो. मुलं लिहितात पण स्वतःला लिहिणारी समजत नाहीत, 'उत्तर देणारी' समजतात. त्यांचा वाचक एकच, तो म्हणजे मी, आणि मला उत्तर आधीच माहीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग पटवायचं कोणाला? 'वृक्षारोपणाचे महत्त्व' या विषयावर ज्याला आधीच सगळं पटलंय त्याला परत पटवायचं असेल तर निबंध मेलेलाच निघणार.

डोनाल्ड मरे नावाचे एक अमेरिकन पत्रकार-शिक्षक होते, १९५४ साली त्यांना संपादकीय लेखनासाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे मत मांडणं हाच धंदा. त्यांनी १९७२ मध्ये शिक्षकांसमोर आग्रहाने मांडलं की लेखन तयार माल म्हणून शिकवू नका, प्रक्रिया म्हणून शिकवा. मुलाने काय आणून दिलं त्यात फक्त लाल शाईने चुका शोधू नका, तो काय म्हणू पाहतोय ते आधी ऐका, त्याला विषय स्वतः शोधू द्या, कच्चा खर्डा परत परत लिहायला वेळ द्या. मी हे जमेल तसं करते. मैदानाचा तास रद्द व्हायला लागला तेव्हा मुलांना म्हटलं, माझ्यासाठी निबंध नको, मुख्याध्यापकांना पत्र लिहा, आणि ते पत्र खरंच जाणार आहे. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "बाई, सरांना काय आवडत नाही?" बस. तो मुलगा त्या क्षणी लेखक झाला असं मला मनापासून वाटतं, वाचकाचा विचार करायला लागला म्हणून.

दुपारची_झोप
आणि मैदानाचा तास परत मिळाला का????

खडूफळा
आठवड्यातला एक मिळाला :)

अर्धविराम
थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. मला 'पटेल असं लिहिणं' या कल्पनेचीच भीती वाटते. जाहिराती हेच करतात, प्रचारवाले हेच करतात. फॉरवर्ड होणारे खोटे मेसेज वाचा, काय पटवतात ते! भावना, नाट्य, शेवटी 'पुढे पाठवा'. मी स्वतः ठरवलंय की आपण माहिती द्यायची, मुद्देसूद, आणि निर्णय वाचकावर सोडायचा. कोरापानच्या लेखात नुसती माहिती होती म्हणून मैत्रिणीला तो कमी वाटला, मला तोच जास्त प्रामाणिक वाटला असता.

तिरकी_रेघ
अर्धविराम, पण नुसती माहिती असं काही नसतंच. दहा गोष्टींतल्या चार तुम्ही निवडता, त्यातली एक पहिली ठेवता, तिथे तुमचं मत आलंच. फक्त ते लपून आलं. त्यापेक्षा 'मला असं वाटतं आणि ही कारणं' हे उघड सांगणं जास्त सरळ नाही का? वाचकाला निदान कळतं की कशाशी भांडायचंय.

जुनीपोथी
अर्धविराम यांची शंका फार जुनी आहे आणि तिच्यावर आपल्याकडे कसून विचार झालाय. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे दोघांनाही सत्य काय ते शोधायचंय. जल्प म्हणजे जिंकायचंय, मग त्यासाठी शब्दच्छल, फसवा युक्तिवाद काहीही चालेल. वितंडा म्हणजे स्वतःचं म्हणणं काहीच नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो जल्प आहे. म्हणून वादच सोडून देणं हा काही उपाय नव्हे.

आणि वादाची जी पद्धत आहे ती लिहिणाऱ्याला फार उपयोगाची आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि ते इतकं नीट मांडायचं की विरोधकाने मान डोलावली पाहिजे. मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला आपलं उत्तर. शास्त्रग्रंथांची पानंच्या पानं पूर्वपक्षाने भरलेली असतात. घाईने वाचणारा तोच ग्रंथकाराचा सिद्धांत समजून बसतो! आपण मात्र पूर्वपक्ष दोन ओळींत, तोही मोडकातोडका उभा करतो, आणि मग त्याला पाडल्याचा आनंद मानतो. ज्याला पटवायचंय तो वाचक ते दुसऱ्या ओळीलाच ओळखतो आणि पुढे वाचत नाही.

मोरपंखी
जुनीपोथी काकांचं वाचून माझी भाची आठवली. वय आठ. मांजर पाळायचंय, आईचा नकार. तिने फ्रिजवर पत्र चिकटवलं, मी फोटो काढून ठेवलाय, जसंच्या तसं देते:

"आई तुला वाटेल शी कोण काढणार. मी. तुला वाटेल मी विसरेन. म्हणून खाली तक्ता केला आहे. तुला वाटेल सोफा खराब होईल. हे खरं आहे, होईल. पण सोफा आधीच खराब आहे तो मी केला आहे."

हाच पूर्वपक्ष ना काका?

जुनीपोथी
शंभर टक्के. आणि 'हे खरं आहे, होईल' ही ओळ तर आम्हाला कोणाला सुचली नसती. विरोधकाचा जो मुद्दा खरा आहे तो मान्य केला की बाकीच्यावर विश्वास बसतो. मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

दुपारची_झोप
मांजर आलं का ते सांगा आधी

मोरपंखी
आलं. तक्ता पण अजून भरला जातो :D

निळीशाई
मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे लेख तपासत आलोय, त्यामुळे दोन शब्द. पटवण्याबद्दल ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तीन वाटा सांगितल्या, त्या अजून लागू आहेत: सांगणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना, आणि तर्क. नवीन लिहिणारे बहुतेक सगळे तर्काने सुरू करतात आणि अडलं की भावनेवर उडी मारतात. विश्वासाचं काम राहून जातं. 'मी हे कशाच्या आधारावर बोलतोय, मला यातलं किती कळतं आणि कुठपर्यंत' हे एखाद्या वाक्यात सांगितलं तरी वाचक सैलावतो.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन. सुरुवातच अशी की शिक्षणातला माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. स्वतःची मर्यादा स्वतःच आखून दिली! मग आपण शाळा कशा काढल्या ते सांगितलं. आणि त्यानंतर मुख्य घाव: सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, मग तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का? ज्यांच्यापुढे हे मांडलं ते सरकारनेच नेमलेले होते, त्यांना आकड्यांची आणि कारभाराची भाषा कळत होती, आणि नेमक्या त्याच भाषेत त्यांना पकडलं. राग त्यात आहेच, पण तो मुद्द्याच्या मागे उभा आहे.

कोरापान, आता हे बघा की ते काय होतं? निवेदन. अर्ज. तुम्ही ज्याला 'हे काही लेखन नव्हे' म्हणून बाजूला टाकताय तेच. कथा-कविता म्हणजे लेखन आणि बाकी सगळं कारकुनी, ही वाटणी कोणी केली मला माहीत नाही, पण तिने आपल्याकडे फार चांगले गद्य लिहिणारे गप्प बसवलेत.

कोरापान
निळीशाई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून जरा थांबलेच. आणि अर्धविराम, तुमचा मुद्दा मी सोडून देत नाहीये, पटवताना फसवायचं नाही हे मलाही हवंच आहे.

सगळे इतकं मनापासून सांगताय तर एक खर्डा टाकू का? आमच्या भागातलं सार्वजनिक वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होतं, ते साडेआठपर्यंत उघडं राहावं म्हणून समितीला पत्र लिहितेय. पहिला परिच्छेद:

"सविनय निवेदन करण्यात येते की, वाचन हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग आहे. वाचनामुळे व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास होतो. आजच्या धकाधकीच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत चालली असून तिचे जतन करणे ही काळाची गरज आहे. तरी वाचनालयाची वेळ वाढविण्याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

निळीशाई
एक विचारतो. वाचनालय समितीत असा कोणी आहे का जो वाचनाच्या विरोधात आहे?

कोरापान
नाही अर्थात. सगळे वाचणारेच.

निळीशाई
मग चारपैकी तीन वाक्यं तुम्ही त्यांना जे आधीच पटलंय त्यावर खर्च केलीत. जे पटलेलं नाही ते काय आहे? ते नकार का देतील?

कोरापान
ग्रंथपाल एकच आहेत, त्या सहाला घरी जातात. वीजबिल. आणि मागे एकदा वेळ वाढवली होती तेव्हा कोणी फिरकलं नाही म्हणतात.

निळीशाई
आता तुमच्या हातात लेख आहे. या तीन ओळी तुमच्या त्या परिच्छेदापेक्षा शंभरपट जिवंत आहेत.

रातकिडा
हे सगळं चॅटबॉटला सांगितलं की एका मिनिटात पत्र तयार. मी तर तेच करतो आजकाल.

खडूफळा
रातकिडा, मुलंही करतात, त्यामुळे मी अशी पत्रं ढिगाने वाचली आहेत. त्यांना मी नाव ठेवत नाही. पण 'मागे वेळ वाढवली तेव्हा कोणी फिरकलं नाही' ही गोष्ट यंत्राला कुठून कळणार? ती तुला कोणाला तरी भेटून काढावी लागते. ती सांगितलीस तर यंत्र वाक्यं नीट जुळवून देईलही, पण पटवण्याचं काम तोपर्यंत तूच करून झालेला असतोस. आणि ज्याला लिहायला शिकायचंय त्याने ती वाक्यं जुळवण्याची खटपटही स्वतःच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जुळवताना कळतं की आपल्या दुसऱ्या मुद्द्याला आधारच नाही.

रातकिडा
हम्म. हे पटलं. (बघा, लिहून पटवता येतं.)

पायवाट
एक छोटी युक्ती सांगते, कोरापान म्हणाली ना बोलताना पटवते पण लिहिताना निबंध होतो. मी फोनवर रेकॉर्डिंग लावते आणि समोर तो माणूस बसलाय असं समजून बोलते. मग ते ऐकत लिहून काढते. बोलताना आपण 'अविभाज्य भाग' वगैरे म्हणतच नाही. आणि समोरचा भुवई उंचावतोय असं वाटलं की आपोआप थांबून उत्तर देतो. कागदावर ती भुवई दिसत नाही, एवढीच अडचण आहे. पहिला खर्डा असा काढायचा, शुद्धलेखन नंतर.

तिरकी_रेघ
पायवाट, युक्ती छान पण एक धोका. बोलण्यात आपण तीच गोष्ट तीनदा सांगतो, आवाज चढवून काम भागवतो. उतरवल्यावर निर्दयपणे अर्धं कापावं लागतं. मला वाटतं ते कापणं हीच खरी शिकण्याची जागा आहे. कोणता मुद्दा काढला तर बाकीचं कोसळतं ते शोधायचं, तो तुमचा मुख्य मुद्दा. बाकी सगळे आले तर आले.

अर्धविराम
मी परत आलोय. जुनीपोथी, वाद-जल्प वाला भेद डोक्यात बसला. तरी भावनेबद्दल माझी अडचण कायम आहे. वाचनालयाच्या पत्रात 'दिवसभर काम करून येणारी एखादी मुलगी बंद दारासमोर उभी आहे' असं काही घातलं तर मला ते खटकेल.

निळीशाई
अशी मुलगी खरंच आहे का, यावर ते अवलंबून आहे. असेल आणि तिची परवानगी असेल तर ती पुरावा आहे. नसेल तर ती मनाने रचलेली आहे आणि तुमचं खटकणं बरोबर आहे. भावना वाईट नसते, बनावट भावना वाईट. आणि एक प्रसंग दिला की त्याच्या शेजारी 'असे किती' हेही द्यावं, नाहीतर वाचक अपवादालाच नियम समजतो.

अर्धविराम
हे मान्य. पूर्ण मान्य.

जुनीपोथी
मूळ प्रश्नाकडे येतो, लेखक कधी म्हणायचं. १८५५ साली मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यात तिची युक्तिवादाची रीत पाहा: वेद फक्त ब्राह्मणांचे असं तुम्ही म्हणता ना, ठीक, मान्य करते, मग तर आम्हाला ग्रंथच नाही, आम्ही धर्माशिवायचेच झालो. समोरच्याचंच विधान हातात घेतलं आणि ते जिथे पोचतं तिथपर्यंत त्याला चालवत नेलं. न्यायशास्त्र शिकलेल्याला हेवा वाटावा.

तिला कोणी लेखिका म्हणण्याची त्या काळी सोयच नव्हती. ना पुस्तक, ना पदवी, आणि जिथे तिच्या समाजाला अक्षर शिकायचीच बंदी तिथे लेखिका कसली! तिने ती परवानगी कोणाकडे मागितली नाही. तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं जे दुसरं कोणी सांगत नव्हतं, आणि तिने ते सगळ्यांनी वाचावं असं लिहिलं. कोरापान, 'कोणत्या तोंडाने म्हणू' हा प्रश्न पडला की हा निबंध वाचा. छोटा आहे.

मोरपंखी
काका, अंगावर काटा आला. आजच वाचते.

पायवाट
मला यातून एक वेगळंच जाणवलं. आपण 'आधी लेखक होऊ, मग ठामपणे लिहू' असं धरून चालतो. माझं उलटं झालं. जोपर्यंत मी 'असे वाटते', 'कदाचित', 'काही जणांच्या मते' च्या आड लिहीत होते तोपर्यंत मला लेखिका वाटलंच नाही. जेव्हा एका दुरुस्तीच्या कामावरून थेट लिहिलं की हे काम चुकीचं झालंय आणि ही तीन कारणं, आणि खाली नाव घातलं, तेव्हा पोटात गोळा आला होता. पण त्या पत्राला उत्तर आलं, तेही माझा प्रत्येक मुद्दा खोडणारं, सविस्तर. मला इतका आनंद झाला! कोणीतरी माझ्याशी वाद घालायला बसलं होतं म्हणजे माझं म्हणणं दखल घेण्याजोगं होतं. तेव्हापासून म्हणते मी लेखिका.

खडूफळा
पायवाट, हे वर्गात वाचून दाखवू का? नाव न घेता.

पायवाट
अवश्य.

कोरापान
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. गेल्या आठवड्यात ग्रंथपालबाईंना जाऊन भेटले. कळलं की मागच्या वेळी वाढीव वेळेची पाटी आतल्या फळ्यावर लावली होती, बाहेर नाही. म्हणजे सहानंतर येणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. नवीन सुरुवात अशी केलीय, बघा:

"मी या वाचनालयाची सभासद आहे आणि नोकरीमुळे मला फक्त रविवारी येता येतं. वाचनालय आठवड्यातून दोन दिवस साडेआठपर्यंत उघडं ठेवावं अशी माझी विनंती आहे. यापूर्वी वेळ वाढवली तेव्हा प्रतिसाद मिळाला नाही, ही समितीची अडचण खरी आहे. मात्र त्या वेळी सूचना आतल्या फळ्यावर होती, त्यामुळे जे सहानंतर येऊ शकतात त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. या वेळी सूचना दारावर लावण्याची आणि सभासदांना कळवण्याची जबाबदारी मी घेते. ग्रंथपालांवर भार पडू नये म्हणून त्या दोन संध्याकाळी थांबायला तयार असलेल्या सभासदांची यादी सोबत जोडली आहे. विजेचा वाढीव खर्च मात्र होईल, तो टाळता येणार नाही. आपण सहानुभूतीपूर्वक विचार कराल अशी आशा आहे."

मोरपंखी
'तो टाळता येणार नाही' !!! भाचीची शिष्या झालीस :)

अर्धविराम
यात मला खटकण्यासारखं काहीच नाही. मी समितीत असतो तर होकार दिला असता.

तिरकी_रेघ
सातही दिवस न मागता दोनच मागितलेस ते उत्तम. नकार द्यायला अवघड.

निळीशाई
सुरेख. फक्त शेवटचं वाक्य काढा, ते जुन्या पत्रातून चुकून आत आलंय. त्याजागी नेमकं मागा: तीन महिने प्रयोग करून बघावा, रोजच्या हजेरीची वही ठेवू, आणि पुढच्या बैठकीत ती समोर ठेवून काय ते ठरवावं. बैठक कधी आहे ते विचारून तारीख घाला. आणि पत्राखाली नुसती सही नको, पूर्ण नाव लिहा.